षड्ज खाली घेताना

गेल्या श्रावणात एक बाई माझ्याकडे आल्या. वय एकोणसाठ, पोस्टातून निवृत्त व्हायला वर्ष राहिलेलं, तरुणपणी विशारदपर्यंत शिकलेल्या. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाल्या, "ताई, माझा आवाज गेला. आता नुसतं ऐकायचं."

मी म्हटलं, आधी सा तर लावा. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू केलं आणि काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला, सा लावला. मान ताठ झाली, भुवया वर चढल्या. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ला, पोचेपर्यंत गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. मी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला, अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या तीन पायऱ्या खाली उतरून पांढरी चार लावली आणि काहीही न सांगता त्यांना यमन गायला लावलं. तार गंधारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. आवाज कुठेही गेला नव्हता. काळी चार ही त्यांची परीक्षेच्या वेळची पट्टी, म्हणजे सा धरायची जागा, होती. पस्तीस वर्षांत अंगावरचे ब्लाउज किती वेळा उसवून घेतले असतील, पट्टी मात्र तीच ठेवली होती.

मी मिरजेत चाळीस वर्षं गाणं शिकवते आणि आता चौसष्टची आहे. पंचविशीत मी काळी पाचला गायचे. चाळिशीनंतर काळी चारवर आले. पन्नाशीच्या आसपास गळा बदलायला लागला तेव्हा मीही तेच केलं जे या बाई करत होत्या: जुनी पट्टी धरून ठेवली. एका कोजागिरीला भूप गाताना तार गंधारावर आवाज फाटला. फाटला म्हणजे स्वर सुटून नुसती हवा आली. समोर माझ्या वीसेक विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षं मी जास्त रियाज करून तो गंधार परत आणायचा प्रयत्न केला आणि शेवटी बोलतानाही आवाज बसायला लागला. ती दोन वर्षं वाया गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गळ्यात नेमकं काय बदलतं

हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. स्वरयंत्रातल्या कूर्चा वयाबरोबर कडक होत जातात, काही तर हाडासारख्या होतात. स्वरतंतूंना हलवणारे स्नायू बारीक होतात. तंतूंना ओलं ठेवणाऱ्या ग्रंथी कमी पाझरतात. बरगड्यांचा पिंजरा आखडतो, फुप्फुसांचा लवचीकपणा कमी होतो, त्यामुळे एका श्वासात पूर्वीइतकी लांब आलापी होत नाही.

बायकांचा आणि पुरुषांचा गळा मात्र उलट दिशांना जातो. पाळी थांबल्यावर बायकांचे स्वरतंतू काहीसे जाड होतात, त्यांना सूज धरते आणि आवाज खाली येतो. पुरुषांचे तंतू म्हातारपणी पातळ होतात, मधे कमानीसारखे वाकतात, नीट मिटत नाहीत. म्हणून सत्तरीच्या बुवांचा बोलण्याचा आवाज बारीक आणि थोडा चढा, हवा मिसळलेला येतो. आवाज चढा झाला म्हणून पट्टी चढवायची नसते, हे पुरुषांनी पक्कं लक्षात ठेवावं. बोलण्याचा स्वर वर सरकला तरी गाण्याचा आवाका दोन्ही टोकांनी आत येत असतो.

आपली आजची पट्टी कशी शोधायची

एका बैठकीत शोधू नका. सकाळी गळा चांगला असतो म्हणून सकाळची पट्टी धरली की संध्याकाळच्या कार्यक्रमात फजिती होते. मी आठ दिवसांची वही ठेवायला सांगते. पेटी नसेल तर मोबाइलवरचं पेटीचं अ‍ॅप चालेल.

रोज दोनदा, सकाळी चहानंतर तासाभराने आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला, तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, खाली उतरत जाऊन आकारात शेवटचा भरीव स्वर कोणता लागतो. घरघर सुरू झाली की तो स्वर धरायचा नाही, त्याच्या वरचा धरायचा. दुसरी, वर चढत जाऊन न ओरडता, हनुवटी न उचलता शेवटचा स्वर कोणता लागतो. तिसरी गोष्ट महत्त्वाची: तोच वरचा स्वर अगदी हळू, पाळण्यातलं मूल जागं होणार नाही इतक्या बारीक आवाजात लागतो का. जोरात लागतो आणि हळू लागत नाही, आधी फुस्स करून हवा येते आणि मग स्वर उमटतो, असं झालं तर त्या दिवशी तंतूंना सूज आहे असं समजा. सूज असताना गळा जोर लावून स्वर ढकलून काढतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. हळू गाताना ही लपवाछपवी चालत नाही.

या नोंदी सा-रे-गमध्ये करू नका, पेटीच्या पट्ट्यांत करा: "खाली पांढरी दोन, वर पांढरी सहा" असं. कारण सा कुठे ठेवायचा हेच तर ठरवायचं आहे.

आठ दिवसांनी सगळ्यांत वाईट संध्याकाळ घ्या. त्या दिवशीचा वरचा स्वर हा तुमचा तार गंधार धरा आणि तिथून मोजत सा काढा. पोस्टातल्या बाईंचं उदाहरण देते. वाईट संध्याकाळीसुद्धा त्यांना पांढरी सहा हळू लागत होती. पांढरी सहाला तार गंधार धरला की सा येतो पांढरी चारवर. मग खालचं तपासायचं. पांढरी चारला सा धरला की मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत येतो पांढरी दोनला, आणि तो त्यांचा भरीव होता. मंद्र पंचम पुसट लागला. चालतं. माझाही पुसटच लागतो. मंद्र धैवत आणि तार गंधार ही दोन टोकं पक्की असली तर बहुतेक बडे ख्याल, अभंग, नाट्यपदं बसतात. मंद्र पंचमाच्या हट्टापायी सा पुन्हा वर नेला की वरचा गंधार जातो.

पट्टी एकदम तीन पायऱ्या खाली आणून दाखवायला ठीक आहे, रियाजाला तसं करू नका. काळी चारवरून पांढरी पाच, तिथे दोन महिने. मग काळी तीन. मग पांढरी चार. कारण पुढच्या भागात सांगते.

सांधा सरकतो

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

आपल्या गळ्यात छातीचा भरीव आवाज आणि वरचा हलका आवाज यांच्यामधे एक सांधा असतो. माझा सांधा वरच्या पांढरी चार-पांढरी पाचच्या आसपास आहे. काळी चारला गायचे तेव्हा हा सांधा धैवत-निषादावर यायचा. म्हणजे मध्य सप्तकाच्या शेवटी आवाज हलका करायचा आणि तार षड्जावर अलगद उतरायचं, ही सवय दहा-बारा वर्षांत गळ्यात इतकी मुरली होती की ती वेगळी करावी लागत नव्हती. सा पांढरी चारवर आणला. सांधा गळ्यात जागचा हलला नाही, पण स्वरांच्या हिशेबात तो तार षड्ज-तार ऋषभावर गेला. मी मात्र जुन्या सवयीने धैवतावरच आवाज हलका करत होते. त्यामुळे जो धैवत आता भरीव लागायला हवा तो पोकळ यायचा, आणि तार षड्ज, जो ठामपणे लावायचा, तो नेमका सांध्यावर सापडून हलायचा. मला वाटलं, पट्टी खाली आणूनही आवाज हलतोच, म्हणजे म्हातारपणच आलं.

त्यावर उपाय असा. नव्या पट्टीवर पहिले दोन महिने ताना घेऊ नका. मध्यमापासून तार गंधारापर्यंत एकच मींड (स्वर न तोडता एकावरून दुसऱ्यावर सरकत जाणं), आकारात, हळू, वर आणि खाली. धैवत मुद्दाम भरीव ठेवायचा. तार षड्जाच्या जरा आधी, निषादावर असतानाच आवाज हलका करायला लागायचं. दिवसाला दहा मींडी पुरतात. मग त्याच पल्ल्यात दोन-दोन स्वरांचे पलटे: मप, पध, धनी, नीसां, सांरें. सांध्यावर "ऊ" म्हणा, "आ" म्हणू नका. ऊकारात गळा आपोआप सैल राहतो. बसला की मग आकार. पूर्वीच्या पाठ ताना सगळ्यात शेवटी, कारण जुना सांधा त्यांच्यातच सगळ्यात घट्ट बसलेला असतो.

अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरायचं ते यासाठी. सांधा एकदम तीन पायऱ्या सरकला तर गळा गोंधळतो.

तानपुरा, तबला आणि संकोच

पट्टी बदलली की वाद्यांचं बघावं लागतं. हे लोक टाळतात आणि मग "खालच्या पट्टीत रंगत नाही" म्हणतात. मिरज तानपुऱ्यांचं गाव. इथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी स्वतः इथे राहून तीन वर्षं काळी चारच्या तारांवर पांढरी चार लावत बसले होते. सतारमेकर गल्लीतल्या चाचांकडे दुसऱ्याच कामासाठी तानपुरा नेला, तर त्यांनी एकदा जोड छेडली आणि म्हणाले, "बाई, या तारा लोंबतायत. यावर तुम्ही सा लावता कसा?"

लेडीज तानपुऱ्याच्या बारीक तारा तीन पायऱ्या सैल केल्या की जवारी (तारेचा झंकार) बसते. स्वर खुलत नाही, खर्जाची जाड तार नुसती थडथडते, आणि ज्या गंधाराच्या झंकारावर आपण सुरात येतो तोच ऐकू येत नाही. चाचांनी चारही तारा एक नंबर जाड घातल्या (तारेचा नंबर जितका कमी तितकी तार जाड, हे लक्षात ठेवा), जवारी नव्याने काढली, तारांखालचं सूत सरकवून प्रत्येक तार उघडली. त्या दुकानात फरशीवर बसून मी पांढरी चारला सा लावला आणि पहिल्यांदा मला त्या पट्टीत घरी आल्यासारखं वाटलं. लेडीज तानपुरा पांढरी चारपर्यंत जाड तारांवर खेचता येतो. त्याच्याही खाली जायचं असेल तर मोठ्या भोपळ्याचा बघावा.

तबल्याचा हिशेब सोपा आहे, पण आधीच करा. काळी चारला गाताना बरेच तबलजी मध्यमाला, म्हणजे काळी एकला तबला लावतात. पांढरी चारला आलात की पंचम येतो पांढरी एकला. त्यांच्याकडचा काळी एकचा तबला अर्धा स्वर उतरवला की झालं. कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठावर सांगू नका, दोन दिवस आधी फोन करून "पांढरी चार, तबला पंचमाला" एवढंच सांगा. पेटीवाल्यांनाही कळवा. हे सांगताना माझी जीभ जड व्हायची. एकदा कार्यक्रमाच्या निवेदकांनी "ताई आता खालच्या पट्टीत गातात" असं माइकवरून सांगितलं होतं, ते फार लागलं होतं मला. "आवाज उतरला" हा शब्दच आपल्याकडे पराभवासारखा वापरतात. तो मनातून काढायला मला गंगूबाईंच्या तबकड्यांनी मदत केली.

गंगूबाई हनगल सुरुवातीला "गांधारी" या नावाने तबकड्यांवर गायच्या. तो आवाज उंच आणि कोवळा आहे. पुढे टॉन्सिलच्या उपचारानंतर त्यांचा आवाज खाली आला, जाड झाला, पुरुषी वळणाचा झाला. आपण ज्या गंगूबाईंना ओळखतो तो हा दुसरा आवाज. त्या आवाजावर त्या नव्वदी ओलांडेपर्यंत गायल्या. त्यांच्या बाबतीत कारण वयाचं नव्हतं, पण दोन्ही आवाज एकामागोमाग एक ऐका. खाली आलेल्या षड्जावर सबंध गायकी कशी उभी राहते ते कानांना कळेल. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज तरुणपणी अतिगायनाने बसला आणि पूर्वीसारखा परत आलाच नाही. उरलेल्या आवाजात काय शोभेल याचा विचार करून त्यांनी आपली गायकी नव्याने घडवली, आणि ती पुढे कोल्हापुरातून आपल्या सगळ्यांपर्यंत आली.

रियाज

दीड तासाची एक बैठक सोडून द्या. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन किंवा तीन करा. वय झालेला स्नायू लवकर थकतो आणि सावरायला जास्त वेळ घेतो. पण रोज करा. चार दिवस सुट्टी घेतली की परत यायला आठ दिवस लागतात, हे साठीनंतर मी नीट अनुभवलं आहे.

सुरुवात थेट खर्जाने, म्हणजे मंद्र सप्तकातल्या स्वरांनी, करू नका. आमच्या पिढीला पहाटे चारला उठून खर्ज भरायला शिकवलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण पाळी थांबलेल्या बाईचा आवाज आधीच खाली ओढला जात असतो. खर्ज तिला सहज येतो म्हणून ती तिथेच रमते आणि वरचं दार गंजून जातं. मी सुरुवातीला ओठ मिटून गुंजन करते. कधी सरबताची नळी घेते, पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात नळी बुडवते आणि नळीतून "ऊ" म्हणत मध्य सा ते पंचम वर-खाली फिरते. पाण्यात एकसारखे बुडबुडे यायला हवेत. बुडबुडे तुटले म्हणजे श्वास तुटला. नळीमुळे तोंडात परतीचा दाब तयार होतो आणि तंतू एकमेकांवर न आपटता अलगद मिटतात. ज्या पुरुषांचा आवाज पातळ आणि हवाळ झाला आहे त्यांना याचा फार फायदा होतो. पाच मिनिटं पुरे.

त्यानंतर मींडी, मग पलटे, मग एक बंदिश. खर्ज शेवटी, दोन-तीन मिनिटं, गळा सैल करायला.

आवाज हलतो त्याबद्दल सगळेजण विचारतात. स्वर लांब धरला की वर-खाली डुलतो, आंदोलन नको तिथे येतं. लांब स्वर धरून तो थांबत नाही, उलट ताण वाढतो. चार मात्रांचा स्वर धरा आणि थांबा. पुन्हा चार मात्रा. स्वर हलायच्या आधी सोडायचा. आठवड्याला फार तर एक मात्रा वाढवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, वय बहात्तर, भजनी मंडळात गाणारे, चार मात्रांवरून अकरा मात्रांपर्यंत यायला पाच महिने घेतले.

भजनी मंडळाचा विषय निघालाच आहे तर: तिथे पट्टी बहुधा सगळ्यात तरुण गळा ठरवतो, आणि टाळांच्या गजरात सगळे ओरडतात. तुम्ही धृपदाला खालच्या सप्तकात गा, किंवा एक चरण सोडून एक गा. आणि टाळ तोंडासमोर धरू नका, कमरेजवळ धरा. स्वतःचा आवाज ऐकू आला तर माणूस कमी ओरडतो.

तेच स्वर, दुसरा राग

याचा मला फार आनंद झाला होता म्हणून सांगते. सोहनी माझा आवडता राग. तो तार षड्जाच्या आसपास जगतो, तिथून खाली उतरला की त्याची धार जाते. साठीत तो झेपेना. मग मी पूरियाकडे गेले. स्वर तेच: कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत-निषाद, पंचम नाही. पण पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकात वावरतो, मंद्र निषाद-धैवतावर रेंगाळतो. जो पिवळसर संधिप्रकाश मी सोहनीत शोधायचे त्याची दुसरी बाजू तिथे सापडली. तसंच देसकार अवघड वाटायला लागला की भूप आहे. अडाण्यापेक्षा दरबारी. उत्तरांगातून पूर्वांगाकडे, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागातून खालच्या भागाकडे, जायचं. ज्यांनी आयुष्यभर चढ्या द्रुत चिजा गायल्या त्यांनी एक वर्ष दरबारीचा मंद्र कोमल धैवत घेऊन बसावं.

पदं, भजनं, ठुमरी यांत आणखी एक सोय आहे. चालीचा आवाका लहान असेल तर मध्यमाला सा मानून गा. तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमाला लावा, बस्स. पट्टी खाली राहते आणि गाणं वर उचललं जातं.

श्वासाचं म्हणाल तर बंदिशीच्या वहीत पेन्सिलीने स्वल्पविराम घाला. श्वास संपल्यावर घ्यायचा नाही, शब्द संपला की घ्यायचा, पुरेसा असला तरी. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, १९४८ च्या सुमारास ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. त्यांचे ते छोटे, टोकदार, मधेच थांबणारे स्वरसमूह ऐका. श्वासाच्या त्या जागा रिकाम्या वाटत नाहीत. आपल्याला तेवढी प्रतिभा नसेल, पण थांबायची जागा निवडता येते.

दातांची कवळी असेल तर रियाज कवळी घालूनच करा. काढून केलात तर कार्यक्रमात "स" आणि "श" दगा देतात.

कान, पोट, स्वयंपाकघर

आवाजाआधी पुष्कळदा कान जातात. वरची कंप्रता ऐकू येणं कमी होतं, तानपुऱ्याचे वरचे नाद पुसट होतात आणि आपण कणभर खाली लावतो. आपल्याला कळत नाही, घरचे बोलत नाहीत. महिन्यातून एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून एखाद्या तरुण विद्यार्थ्याला ऐकवा आणि खरं बोलायला सांगा. श्रवणयंत्र लावत असाल तर लक्षात घ्या, ते बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून जुळवलेलं असतं. तानपुरा त्यातून विचित्र ऐकू येतो. यंत्र जुळवणाऱ्यांना संगीतासाठी वेगळी मांडणी करून मागा. बहुतेक यंत्रांत ती करता येते.

लोणचं, ताक, चिंच यांना मी दोष देत नाही. माझा खरा शत्रू होता रात्री दहाचं जेवण. क्लास संपवून उशिरा जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल रात्री घशाशी येतं, छातीत जळजळ न होताही येतं, आणि सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून माणूस खाकरत राहतो. झोपायच्या तीन तास आधी जेवण आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, एवढ्यावर माझं सकाळचं खाकरणं दीड महिन्यात थांबलं. खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर आपटणं. त्याऐवजी पाण्याचा घोट गिळा. कुजबुजून बोलणंही टाळा, त्याने गळ्याला आराम मिळत नाही, ताणच पडतो.

गुळण्या करा, जेष्ठमध चघळा, घशाला बरं वाटतं. पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही, जाऊ लागलं तर ठसका लागतो. तंतूंपर्यंत वाफ पोचते. आणि दिवसभर थोडं थोडं प्यायलेलं पाणी रक्तातून पोचतं, म्हणून ते कार्यक्रमाच्या वेळी नव्हे, आदल्या दिवसापासून प्यायचं.

फोडणीत मिरची टाकताना तोंड फिरवा, पंखा लावा. आमच्याकडे हिवाळ्यात उसाचा पाला जाळतात, त्या दिवसांत मी खिडक्या लावून घेते आणि उघड्यावर गात नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर वयाच्या नावावर खपवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि दुर्बिणीने तंतू बघायला सांगा. जमल्यास स्ट्रोबोस्कोपी, त्यात तंतूंची लाट दिसते. तंबाखू खाल्लेली, ओढलेली असेल तर तीन आठवडेसुद्धा थांबू नका. गिळताना दुखणं, रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात जा.

प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा: "मी गाते." माझ्या ओळखीच्या एका गायिकेला पाळीच्या तक्रारीवर डॅनाझोल दिलं गेलं. ते पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं औषध, त्याने बाईचा आवाज जाड होऊ शकतो आणि औषध थांबवल्यावरही तो परत येईलच असं नाही. तिचा आला नाही. तिने आपण गातो हे सांगितलं नव्हतं आणि समोरून कोणी विचारलं नव्हतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, लघवी वाढवणाऱ्या आणि सर्दीच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. दम्याचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून थुंका. थायरॉइड कमी असलं तरी आवाज जाड आणि सुस्त होतो, ती रक्ताची तपासणी करून घ्या. मानेची किंवा कुठलीही भूल देऊन शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांनाही गाण्याचं सांगा, म्हणजे घशातली नळी जपून घालतील.

आवाज बदलल्याची भीती मनात फार मोठी होते, हे मी जाणते. ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. मी दोन वर्षं कोणाशीच बोलले नाही.

वही

दर गुरुपौर्णिमेला मी एकच बंदिश ध्वनिमुद्रित करते, यमनचा तोच बडा ख्याल, आणि वहीत पट्टी लिहिते. त्याच दिवशी आठ दिवसांच्या नोंदी पुन्हा सुरू करते. सहा महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमाराला, आणखी एकदा. पट्टी आता दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल असं धरून चालले आहे. काळी दोनला जावं लागलं तर मोठा तानपुरा बघायचा हे चाचांना सांगून ठेवलं आहे.

पोस्टातल्या बाई आता दर बुधवारी येतात. मागच्या आठवड्यात त्यांचा सांधा पहिल्यांदा न हलता गेला, निषादावर हलका होऊन तार ऋषभापर्यंत. त्यांनी पुन्हा करून बघितलं, पुन्हा गेला. मग वहीत तारीख घातली, पुढे "पांढरी चार" लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.